झडप फॉर्मलिनमध्ये बुडवण्याआधी

१९११ सालच्या फेब्रुवारीत जॉर्ज बेहर हे तरुण डॉक्टर सिरिंज, काचेचे चंबू आणि तबकड्या घेऊन न्यूयॉर्कच्या सॅव्हॉय हॉटेलात पोचले. रुग्ण होते विख्यात संगीतकार गुस्ताव माहलर. ताप येत-जात होता आणि त्यांच्या हृदयाच्या झडपेत दोष असल्याचं १९०७ पासून माहीत होतं. बेहर यांनी दंडाच्या शिरेतून वीस घन सेंटिमीटर रक्त काढलं, त्यातलं काही चंबूंमध्ये सोडलं आणि उरलेलं पातळ केलेल्या आगरमध्ये मिसळून तबकड्यांत ओतलं. चार-पाच दिवसांत तबकड्यांवर जिवाणूंच्या भरपूर वसाहती उगवल्या. जंतू होता स्ट्रेप्टोकॉकस. बेहर ज्यांच्या हाताखाली काम करत ते इमॅन्युएल लिबमन म्हणजे झडपेच्या संसर्गातले त्या काळचे जाणते. निदान पक्कं झालं, पण औषध कुणाकडेच नव्हतं. १८ मे रोजी व्हिएन्नात, वयाच्या पन्नासाव्या वर्षी माहलर गेले. असे रुग्ण पेनिसिलिनने बरे होऊ लागायला आणखी तीसेक वर्षं जायची होती.

आज परिस्थिती नेमकी उलटी आहे. अँटिबायोटिक्सनी कपाटं भरलेली असतात, पण रुग्णाच्या झडपेवर कोणता जंतू बसलाय हेच पुष्कळदा कळत नाही. हृदयाच्या झडपेच्या संसर्गाला डॉक्टर ‘इन्फेक्टिव्ह एन्डोकार्डायटिस’ म्हणतात. उपचार मिळूनही रुग्णालयातच साधारण पाचातला एक दगावतो, इतका हा आजार वाईट. जंतू ओळखायचा तर पहिली पायरी बेहर यांचीच, म्हणजे रक्ताचं कल्चर. हे कल्चर कोरं येण्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांत दहा ते तीस टक्के सांगितलं जातं. भारतातल्या मोठ्या रुग्णालयांनी प्रसिद्ध केलेल्या अनेक नोंदींत ते बरंच वर जातं, काही ठिकाणी तर निम्म्याच्या घरात.

जंतूच्या जनुकीय खुणा शोधणाऱ्या रेण्वीय चाचण्या, म्हणजे कोविडमुळे घरोघरी माहीत झालेली पीसीआर आणि तिची भावंडं, इथे कामाला येतात. या चाचण्या भारताला परवडतील का, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. यंत्रं बऱ्याच अंशी आहेत. नासतो तो यंत्रापर्यंत पोचण्याआधीचा नमुना.

तो कसा नासतो ते बघण्यासारखं आहे. समजा, लहानपणी सांध्यांचा ताप येऊन झडप खराब झालेली पस्तिशीतली एखादी बाई आहे. दीड महिना संध्याकाळी कणकण, भूक नाही, वजन उतरलेलं. गल्लीतले डॉक्टर तीन दिवसांच्या गोळ्या देतात, दोन इंजेक्शनं टोचतात. ताप उतरतो, पुन्हा चढतो. दुसरे डॉक्टर गोळी बदलतात. लांबलेला ताप आणि उतरलेलं वजन म्हणजे क्षयरोग, हा आपल्याकडचा ठरलेला हिशेब. त्यामुळे कधी कधी एकेटी, म्हणजे क्षयाची औषधंही सुरू होतात. आता क्षयाच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन काही फक्त क्षयाच्या जंतूलाच मारत नाही. स्टॅफिलोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस, ब्रुसेला अशा कितीतरी जंतूंना ते दाबून टाकतं. पुरतं मारत नाही, पण बाटलीत उगवू देत नाही. अखेर धाप लागून ती बाई मोठ्या रुग्णालयात येते, इको होतो, झडपेवर हलणारा गोळा दिसतो आणि मग रक्त कल्चरला जातं. पाच दिवसांनी अहवाल येतो: वाढ नाही.

यात दोष गल्लीतल्या डॉक्टरांच्या एकट्याच्या माथी मारणं सोपं आहे. अनेक अँटिबायोटिक्स चिठ्ठीशिवाय विकू नयेत आणि विकली तर नोंद ठेवावी, असा शेड्यूल एच-१चा नियम २०१४ पासून लागू आहे. औषधाच्या दुकानात उभं राहिलं की तो कितपत पाळला जातो ते कुणालाही दिसतं. आणि मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीतही पहिलं सलाइन लागतं त्यातच सेफ्ट्रियाक्सोन जातं. कल्चरची बाटली मग येते. एन्डोकार्डायटिसची शंका असेल तर औषधाआधी वेगवेगळ्या शिरांतून तीन वेळा, दर बाटलीत आठ-दहा मिलिलिटर रक्त घ्यावं, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात आहे. प्रत्यक्षात घाईत एकच बाटली भरते, तीही अर्धी.

पण कल्चर कोरं येण्याचं दुसरंही कारण आहे आणि त्यात कुणाचीच चूक नसते. काही जंतू बाटलीत उगवतच नाहीत. कॉक्सिएला बर्नेटी हा जिवाणू जिवंत पेशीच्या आतच वाढतो. त्याला रक्ताच्या बाटलीतल्या रश्शाचा काही उपयोग नाही. बार्टोनेला इतका सावकाश वाढतो की आठवडे लागतात. ॲस्परजिलस ही बुरशी झडप पोखरत असते आणि रक्ताच्या कल्चरमध्ये मात्र जवळजवळ कधीच सापडत नाही.

फ्रान्समधल्या मार्सेय शहरात दिदिए राऊल यांच्या गटाने नेमके हेच जंतू शोधण्याचं काम वर्षानुवर्षं केलं. २००५ मध्ये त्यांनी कल्चर कोरं आलेल्या ३४८ रुग्णांची नोंद मांडली. त्यात ४८ टक्क्यांत कॉक्सिएला निघाला आणि २८ टक्क्यांत बार्टोनेला. ही प्रयोगशाळा अशा जंतूंसाठीच प्रसिद्ध होती, तसे रुग्ण तिच्याकडे मुद्दाम पाठवले जात. त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे उचलून नाशिकला किंवा सोलापूरला लावणं बरोबर नाही. तरी त्यातून एक गोष्ट कळते. ‘वाढ नाही’ हा शेवटचा शब्द नसतो. २०१० मध्ये याच गटाने साडेसातशेहून अधिक रुग्णांत रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी, पीसीआर, झडपेचा तुकडा अशी टप्प्याटप्प्याने तपासणी केली, तेव्हा साठ टक्क्यांहून जास्त रुग्णांत कारण हाती लागलं. त्यातही मोठा वाटा साध्या प्रतिपिंड-चाचणीचा होता. पीसीआरचं कौतुक करताना ही बाब बहुतेक वेळा विसरली जाते.

राऊल यांचं नाव नंतर वेगळ्याच कारणाने गाजलं. कोविडमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन गुणकारी असल्याचा दावा त्यांच्या गटाने केला, तो टिकला नाही आणि तो शोधनिबंध २०२४च्या डिसेंबरमध्ये मागे घेतला गेला. गंमत अशी की कॉक्सिएलाने झडप बिघडते तेव्हा डॉक्सिसायक्लिनच्या जोडीला हेच हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिलं जातं आणि तिथे ते खरोखर उपयोगी पडतं. हे औषध किमान दीड वर्ष घ्यावं लागतं. कृत्रिम झडप असेल तर दोन वर्षं. म्हणजे जंतूचं नाव कळणं ही शैक्षणिक हौस नाही. नाव न कळलेल्या रुग्णाला सहा आठवडे सेफ्ट्रियाक्सोन, व्हॅन्कोमायसिन, जेन्टामायसिन चढत राहतं, क्रिएटिनिन वाढतं, कानावर परिणाम होतो आणि कॉक्सिएला जागचा हलत नाही.

कॉक्सिएला मुख्यतः शेळ्या-मेंढ्या आणि गुरांकडून येतो. जनावर व्यायल्यावर पडणाऱ्या वारेत तो अफाट संख्येने असतो, वाळला की धुळीबरोबर उडतो आणि श्वासातून शरीरात शिरतो. नेदरलँड्समध्ये २००७ ते २०१० या काळात शेळ्यांच्या मोठमोठ्या गोठ्यांमुळे चार हजारांहून अधिक लोक आजारी पडले. सरकारला पन्नास हजारांहून जास्त शेळ्या माराव्या लागल्या. त्यानंतरही कित्येक वर्षं झडपांचे आणि रक्तवाहिन्यांचे जुनाट संसर्ग तिथे सापडत राहिले. महाराष्ट्रात मेंढपाळ आहेत, दारात दोन शेळ्या बांधलेली लाखो घरं आहेत. अशा घरातून झडपेचा रुग्ण आला तर सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे एक प्रश्न: “काका, घरच्या शेळ्यांपैकी एवढ्यात कुठली व्यायली किंवा गाभडली का? वार कुणी उचलली?” धारोष्ण दुधाबद्दल विचारलं तर ब्रुसेलाचा धागा मिळतो. मांजराबद्दल विचारलं तर बार्टोनेलाच्या एका जातीचा. दुसरी जात अंगावरच्या उवांमधून पसरते. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांना तिने सतावलं आणि १९९५ मध्ये फ्रान्समधल्या तीन बेघर पुरुषांच्या झडपांत ती सापडली. हे प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही, ओपीडीत पाच मिनिटं लागतात. अर्थात सरकारी ओपीडीत ती पाच मिनिटं कुठून आणायची, हा वेगळा विषय.

आता खुद्द चाचणीबद्दल. पीसीआर दोन तऱ्हांनी वापरता येते. एकीत प्रश्न नेमका असतो: या रक्तात कॉक्सिएला आहे का? कोविडची चाचणी याच जातीची. दुसरीत प्रश्न मोकळा असतो: इथे कोण आहे? त्यासाठी ‘१६एस’ नावाच्या जनुकाचा उपयोग होतो. साधारण दीड हजार अक्षरांचं हे जनुक प्रत्येक जिवाणूत असतं. त्याची रचना सातबारा उताऱ्यासारखी आहे: छापील रकाने सगळीकडे सारखे, आत भरलेली नावं प्रत्येकाची निराळी. सारख्या भागाला पकडून जनुकाच्या लाखो प्रती काढायच्या आणि वेगळा भाग वाचून मालक ओळखायचा. जिवाणूंची वंशावळ या जनुकावरून लावता येते हे कार्ल वूज यांनी १९७७ मध्ये दाखवलं होतं. कॅरी मलिस यांना पीसीआर १९८३ मध्ये सुचली. या दोन गोष्टी एकत्र आल्यावर, कधीच न उगवलेला जंतूही ओळखता येऊ लागला.

याचं सर्वांत सुरस उदाहरण व्हिपल यांच्या आजाराचं. जॉर्ज व्हिपल यांनी १९०७ मध्ये एका मृत रुग्णाच्या शरीरात काड्यांसारखे जंतू पाहिले. पुढची नऊ दशकं ते कुणालाही वाढवता आले नाहीत. १९९२ मध्ये डेव्हिड रेलमन आणि सहकाऱ्यांनी रुग्णाच्या ऊतीतून थेट १६एस वाचून त्याची ओळख पटवली. प्रयोगशाळेत तो वाढला तो २००० साली. म्हणजे आधी नाव मिळालं आणि मग जंतू. पुढे जर्मनीत शंकास्पद एन्डोकार्डायटिसच्या १,१३५ झडपा अशा पद्धतीने तपासल्या गेल्या. त्यांपैकी २५५ झडपांत जंतूचा माग लागला आणि त्यातल्या १६ झडपांत हाच व्हिपलचा जंतू होता. कल्चर कोरं आलेल्यांमध्ये तर त्याचाच पहिला नंबर. असे रुग्ण बहुधा मध्यमवयीन पुरुष असतात. कित्येकांना ताप नसतो, वर्षानुवर्षं सांधे दुखत असतात आणि संधिवाताच्या गोळ्या चालू असतात. झडप निकामी होऊन शस्त्रक्रिया झाली नसती तर कुणाला संशयही आला नसता.

दुसरं उदाहरण भीतिदायक आहे. झुरिकच्या विद्यापीठ रुग्णालयात हृदयाची शस्त्रक्रिया झालेले काही रुग्ण महिन्यांनी, काही तर वर्षांनी आजारी पडू लागले. ताप, थकवा, वजनात घट, आणि नेहमीची कल्चर्स कोरी. काहींच्या ऊतींत ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींच्या बारीक गाठी, दिसले म्हणून सार्कॉइडोसिसचं निदान झालं आणि स्टेरॉइड सुरू झालं, म्हणजे संसर्गाला आयतं रान मोकळं. शेवटी सापडला मायकोबॅक्टेरियम किमेरा, क्षयाच्या जंतूचा पाण्यात राहणारा एक दूरचा नातलग. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाच्या रक्ताचं तापमान राखणाऱ्या हीटर-कूलर यंत्राच्या पाण्याच्या टाकीत तो वाढत होता. टाकीतले तुषार यंत्राच्या पंख्याने ऑपरेशन थिएटरच्या हवेत उडत आणि उघड्या छातीत पडत. मग युरोपात आणि अमेरिकेत असेच रुग्ण निघाले. २०१७ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या रुग्णांचे आणि यंत्रांचे जंतू संपूर्ण जनुकीय आराखड्यानिशी ताडून पाहिले गेले. ते एकमेकांशी इतके जुळले, की उगमाचा रोख जर्मनीतल्या एकाच कारखान्याकडे वळला. वेगवेगळ्या खंडांतले रुग्ण एका कारखान्याशी जोडणं नुसत्या सूक्ष्मदर्शकाला कधीच जमलं नसतं.

हाच रुग्ण आपल्याकडे असता तर? ग्रॅन्युलोमा दिसला की क्षयरोग, हे समीकरण इतकं पक्कं आहे की बहुधा एकेटी सुरू झाली असती. क्षयाची जनुकीय चाचणी सीबीनॅट निगेटिव्ह आली असती, कारण ती क्षयाच्या जंतूंपुरतंच बघते. तरी ‘क्लिनिकली टीबीच’ असा शेरा पडून सहा महिने गेले असते. असं आपल्याकडे घडलंय असा आरोप इथे करायचा नाही. पण घडलं असतं तर ते लक्षात आलं असतं का, हा प्रश्न हृदयाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक संस्थेने स्वतःला विचारायला हरकत नाही.

२०२३ मध्ये या आजाराच्या निदानाचे जगभर वापरले जाणारे ‘ड्यूक निकष’ सुधारले गेले. हे निकष १९९४ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात तयार झाले आणि २००० मध्ये त्यांची पहिली मोठी डागडुजी झाली. नव्या सुधारणेत रक्तातला कॉक्सिएला, बार्टोनेला किंवा व्हिपलचा जंतू पीसीआरने सापडला तर तो निदानाचा प्रमुख पुरावा मानला गेला. म्हणजे आतापर्यंत ‘जादा’ समजली जाणारी चाचणी आता निदानाच्या गाभ्यात आली आहे.

पण पीसीआरलाच देव मानायची घाई नको. झडपेच्या तुकड्यावर १६एस उत्तम चालते, झडपेच्या कल्चरपेक्षा कितीतरी सरस. रक्तावर मात्र ती बरीच लंगडी पडते, कारण रक्तात जंतू थोडे आणि माणसाचं डीएनए भरमसाट. दुसरं, ही चाचणी इतकी तीक्ष्ण आहे की प्रयोगशाळेच्या हवेतला, हातमोज्यावरचा, अगदी विकत आणलेल्या रसायनातला जिवाणूही पकडते. त्यामुळे प्रत्येक फेरीत रुग्णाच्या ऊतीविना एक कोरा नमुना चालवावाच लागतो, आणि त्यातही काही उमटलं तर सगळी फेरी संशयित. तिसरं, मेलेल्या जंतूंचं डीएनए झडपेत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतं. उपचार पूर्ण झालेल्या रुग्णाची झडप पॉझिटिव्ह आली म्हणजे जंतू जिवंत आहे असं नाही. आणि चौथी उणीव डॉक्टरांना सर्वांत जास्त खटकते: कल्चर सांगतं की कोणतं औषध लागू पडेल, १६एस ते सांगत नाही. मेक-एसारखी प्रतिकाराची एखाददुसरी जनुकं वेगळी शोधता येतात, एवढंच.

म्हणूनच अहवालावर नुसतं जंतूचं नाव छापून भागत नाही. हृदयरोगतज्ज्ञ, सर्जन, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि संसर्गरोगतज्ज्ञ यांनी एकत्र बसून तो वाचायला हवा. निगेटिव्ह अहवालही तसाच वाचावा लागतो. झडपेवरची प्रत्येक गाठ जंतूंचीच नसते. ल्युपसच्या रुग्णांत झडपेवर जंतूविना गाठी येतात. १९२४ मध्ये त्यांचं वर्णन ज्या दोघांनी केलं, त्यातले एक म्हणजे माहलर यांचं निदान करणारे लिबमनच. अशा रुग्णाला सहा आठवडे अँटिबायोटिक देऊन काहीच साधत नाही. त्याच्यावरचे उपचारच वेगळे.

चाचणीचं खरं नशीब ठरतं ते ऑपरेशन थिएटरमध्ये. तिथलं दृश्य एकदा बघायला हवं. सर्जनने खराब झडप कापून काढलेली असते. तिच्या कडेला मऊ, भुसभुशीत, पिवळट-तांबूस गाठ. चिमट्यात धरलेला तो तुकडा ट्रेमध्ये पडतो. सगळ्यांचं लक्ष नव्या झडपेकडे, टाक्यांकडे, बायपास यंत्राच्या घड्याळाकडे. नर्स सवयीने फॉर्मलिनची बाटली पुढे करते, तुकडा आत पडतो, चिठ्ठी चिकटते: हिस्टोपॅथॉलॉजी. त्या क्षणी झडपेतले जंतू मरतात, म्हणजे कल्चर संपलं. फॉर्मलिन डीएनएचेही तुकडे पाडतं आणि त्याला प्रथिनांशी जखडून टाकतं, म्हणजे १६एसची शक्यताही बरीच आटली. पॅथॉलॉजीसाठी फॉर्मलिन हवंच, त्यात वाद नाही. पण सगळा तुकडा तिथे जायचं कारण नाही. एक भाग फॉर्मलिनमध्ये, एक भाग निर्जंतुक कोरड्या डबीत किंवा दोन थेंब सलाइनमध्ये सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे, आणि शक्य असेल तर एक छोटा भाग उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये, पुढे शंका आली तर. याला डबीएवढाच खर्च येतो. त्यासाठी शस्त्रक्रियेआधीच्या चेकलिस्टमध्ये एक ओळ वाढवावी लागेल आणि ती ओळ वाचून दाखवणारं कुणीतरी.

कृत्रिम झडपेच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचं. भारतात स्वस्त कृत्रिम झडप हा काही स्वप्नातला विषय राहिलेला नाही. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेली देशी झडप १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली आणि त्यानंतर असंख्य गरीब रुग्णांना तिने हात दिला. झडप बनवण्याची अक्कल ज्या देशाने कमावली, त्याला ती झडप बिघडवणारा जंतू ओळखण्याची घडी बसवता येणार नाही, हे पटत नाही.

यंत्रसामग्रीबद्दल रडगाणं गायला आता फारशी जागाही उरलेली नाही. २०२०च्या जानेवारीत देशातला पहिला कोविडबाधित पुण्याच्या एनआयव्हीच्या तपासणीने ठरला. पुढच्या दोन-अडीच वर्षांत देशात तीन हजारांहून जास्त प्रयोगशाळा ही चाचणी करू लागल्या. त्यातली यंत्रं आज जिल्ह्या-जिल्ह्यांत आहेत. क्षयरोगासाठी सीबीनॅट आहे. गोव्यात बनणारं, बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये क्षयरोगासाठी त्याची शिफारस केली आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही तासाभरात उत्तर देण्यासाठी ते घडवलेलं आहे. अशा यंत्रांवर कॉक्सिएला किंवा बार्टोनेलासारख्या नेमक्या प्रश्नांच्या चाचण्या बसवणं अशक्य नाही. मोकळ्या प्रश्नाच्या १६एससाठी जनुक वाचणारं यंत्र आणि सराईत हात लागतात. तेही राज्यात आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राशी संलग्न असलेल्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रहात १६एस वाचून जिवाणू ओळखणं हे रोजचं काम आहे. त्यांचा रोख संशोधनावर आहे, रुग्णाच्या खाटेवर नाही. कौशल्य मात्र तेच.

मग प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ही चाचणी हवी का? मुळीच नको. झडपेच्या संसर्गाचे रुग्ण मलेरियासारखे ढिगाने येत नाहीत. वर्षाकाठी चार नमुने बघणारी प्रयोगशाळा चुकाच जास्त करेल. राज्यात एक किंवा दोन केंद्रं पुरेत, पण ती नावाजलेली, मान्यताप्राप्त आणि नमुना घेतल्यापासून अहवालापर्यंत दिवस मोजणारी हवीत. जिल्ह्यांनी करायचं ते इतकंच: औषधाआधी तीन कल्चर, प्रतिपिंडांसाठी रक्त आणि थंड डब्यातून वेळेवर रवानगी. कोविडमध्ये गडचिरोलीतले आणि सिंधुदुर्गातले नमुने थंड डब्यांतून प्रयोगशाळांपर्यंत पोचतच होते.

पैशाचा आक्षेप राहतो. खाजगी प्रयोगशाळेत अशा चाचण्या महाग पडतात आणि परदेशातल्या, रक्तातल्या सगळ्या जंतूंचं डीएनए एकाच फटक्यात वाचणाऱ्या चाचण्या तर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहेत. या नव्या चाचण्यांच्या मागे धावायची आज गरज नाही. ठरलेला क्रम पाळला तर खर्च मर्यादित राहतो. आधी नीट घेतलेलं कल्चर आणि रुग्णाची सविस्तर चौकशी, मग प्रतिपिंड, मग नेमकी पीसीआर, आणि झडप निघाली तर १६एस. आंधळेपणाने चढवलेली सहा आठवड्यांची अँटिबायोटिक्स, बिघडलेलं मूत्रपिंड, दुसऱ्यांदा उघडावी लागणारी छाती, हेही कुणीतरी भरतच असतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून गरीब रुग्णांच्या झडपेच्या शस्त्रक्रिया होतात. म्हणजे तो ‘कुणीतरी’ पुष्कळदा सरकारच असतं.

योजनेच्या हातात इथे एक चांगला लगाम आहे. झडप बदलण्याच्या दाव्याचे पैसे मिळण्यासाठी शस्त्रक्रियेची टिपणं आणि अहवाल जोडावे लागतातच. संसर्गाची शंका असलेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेत झडपेचा फॉर्मलिनमध्ये न बुडवलेला तुकडा सूक्ष्मजीवशास्त्राकडे गेल्याची पावती त्याच कागदांत सक्तीची करावी. त्याबरोबर कल्चर कधी घेतलं आणि पहिलं अँटिबायोटिक कधी दिलं, या दोन वेळा लिहायला लावाव्यात. सुरुवात झडपेच्या शस्त्रक्रिया नियमित होणाऱ्या मुंबई-पुण्यातल्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांपासून करता येईल. दोन वर्षं ही आकडेवारी एका जागी गोळा झाली की महाराष्ट्रातल्या मेंढपाळाच्या, गिरणगावातल्या निवृत्त कामगाराच्या किंवा पस्तिशीतल्या त्या बाईच्या झडपेवर कोणते जंतू बसतात, हे मार्सेयच्या यादीवरून ताडण्याची वेळ डॉक्टरांवर येणार नाही. आपल्याकडे कॉक्सिएला मोजकाच निघाला आणि बहुतेक दोष आधीच घेतलेल्या गोळ्यांचाच ठरला, तर प्रतिपिंडांच्या महागड्या किट सगळीकडे घेण्याऐवजी कल्चरच्या बाटल्या आणि रात्रपाळीचा तंत्रज्ञ यांवर पैसा घालायचा, असाही निर्णय घेता येईल.